पोकळ झाडाला हातोडा मारू नका

प्रति,
आमच्या भागातल्या जंगलाची पुढच्या 10 वर्षांची कार्य आयोजना लिहिणारे अधिकारी,
तसेच त्या कागदाप्रमाणे कूप आखणारे आणि झाडांना हातोडा मारणारे वनपाल व वनरक्षक यांस

विषय: ढोली असलेली, पोकळ आणि म्हातारी झाडे तोडीतून वगळण्याबाबत

जोहार.

मी कूप मजुराचा मुलगा आहे. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. माझ्या बाबांनी जंगल कामगार संस्थेच्या कुपात कुऱ्हाड आणि आरा चालवून आम्हा चार भावंडांना वाढवलं. त्यामुळे झाड तोडणं हेच पाप, असं मी या पत्रात कुठंही म्हणणार नाही. आमच्याकडच्या सागवानाचा मला अभिमान आहे. 2023 साली बल्लारशाच्या लाकूड आगारातून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान रवाना झालं, तेव्हा आमच्या गावातली म्हातारी माणसं टीव्हीपुढून हलली नव्हती. त्यांतल्या काहींनी तरुणपणी असेच नग बैलजोडीनं ओढून रस्त्याला लावले होते. तेव्हा हे पत्र जंगल फक्त फोटोत पाहिलेल्या माणसाचं आहे असं समजून बाजूला ठेवू नये, एवढी पहिली विनंती.

दुसरी विनंती हीच खरी, आणि ती लहान आहे. कुपातली पोकळ झाडं तोडायच्या यादीत घालू नका, म्हणजे तोडायच्या झाडावर हातोड्यानं जी खूण मारतात ती त्यांच्यावर मारू नका.

यादी कशी होते हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. विरळणी असो की सुधारणा कटाई, सगळ्यात आधी नंबर लागतो तो वाळलेल्या, वाकड्या, शेंडा मोडलेल्या, वीज पडलेल्या आणि बुंध्याशी जळून पोकळ झालेल्या झाडांचा. कागदावर त्यांना मृत, रोगट, सदोष म्हणतात. सरळ वाढणाऱ्या सागाला जागा आणि उजेड मिळावा, हा त्यामागचा हिशेब मला कळतो. पण जी झाडं या हिशेबात सदोष ठरतात, त्यांच्याच पोटात रानातले सगळ्यात दुर्मीळ जीव राहतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं अशी आपल्याकडे म्हण आहे. इथं सुक्याच्या नावाखाली आधी घरं जातात, आणि घरात राहणारे कुठल्याच यादीत नसल्यामुळे ते गेल्याची नोंदही होत नाही.

मी साधारण दहा वर्षांचा असेन. थंडीचे दिवस होते. मायनं बांधून दिलेली भाकर आणि मिरचीचा ठेचा घेऊन मी कुपात गेलो होतो. बाबा आणि त्यांचा जोडीदार एका येनाच्या झाडाशी उभे होते. (येन म्हणजे ऐन. आमच्याकडचे गोंड त्याला साजा म्हणतात आणि त्यात बडादेव राहतो असं मानतात.) झाड एवढं जाड की दोघांच्या कवेत येत नव्हतं. बुंध्याला हातोड्याची खूण होती, नंबर पडलेला होता. तोडायच्या आधी बाबा कुऱ्हाडीच्या पाठीनं झाडाला दोन ठोके मारत. आवाजावरून झाड आतून कसं आहे, कुठल्या बाजूला पडेल, याचा अंदाज येतो. त्या दिवशी ढोलकीसारखा आवाज आला. आणि वर, तीन पुरुष उंचीवर असलेल्या ढोलीतून एक तपकिरी तोंड बाहेर आलं. मोठे काळे डोळे. दिवसा झोपणारी उडणारी खार होती ती.

बाबा मुकादमाला म्हणाले, "हे राहू द्या ना जी, अंदर जनावर हाये." मुकादम वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मालेबी दिसते. पण याले नंबर हाये. नंबर सुटला त गार्डसाहेब मले इचारते."

झाड पडलं. खार उडाली, म्हणजे दोन्ही बाजूंची कातडी ताणून समोरच्या सागाकडे तरंगत गेली. पण तो साग कोवळा, पानं गळालेली, कुठं लपायला जागा नाही. तिथून ती खाली आली आणि मजुरांबरोबर आलेल्या कुत्र्यांना सापडली. हे मी जास्त सांगत नाही.

पडलेल्या बुंध्यात मी हात घालून पाहिलं होतं. आत माणूस बसेल एवढी पोकळी. तळाशी फळांच्या बियांचा ढीग, जुनी पिसं, कडांना वाळून दगडासारखी झालेली माती. ती माती नव्हती, धनेश पक्ष्याच्या मादीनं कधीतरी केलेलं लिंपण होतं, हे मला फार नंतर कळलं. त्या झाडाचं इमारती लाकूड जवळजवळ काहीच निघालं नाही. सगळं जळाऊच्या बिटात, म्हणजे सरपणाच्या थप्पीत गेलं.

उन्हाळा लागता लागता बाबा त्याच बाजूनं मोहफुलं वेचून आले आणि जेवताना म्हणाले, "नर येऊन बसला होता. ज्या जागी झाड होतं, त्याच्या बाजूच्या झाडावर." एवढंच. त्यानंतर त्यांनी त्या झाडाचा विषय कधी काढला नाही, पण पुढं कुपात ढोलीचं झाड नंबरात आलं की घरी आल्यावर त्यांना जेवण जात नसे. कुपात काम करणाऱ्या माणसाला झाडाचं काही वाटत नाही असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं.

या प्रसंगातली एक गोष्ट मी इतक्या वर्षांत विसरलो नाही. ते झाड वाचावं असं तिथल्या कुणालाच वाटत नव्हतं असं नाही. बाबांना वाटत होतं, मुकादमाला वाटत होतं, कदाचित गार्डसाहेबांनाही वाटलं असतं. पण नंबर पडलेलं झाड सोडायचा अधिकार त्यांच्यापैकी कुणालाच नव्हता. तो अधिकार तुमच्या कागदाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानंतर तर मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलातलं झाड तोडताच येत नाही. म्हणजे कुपात काय पडेल आणि काय उभं राहील हे कुऱ्हाडीच्या कितीतरी आधी, तुमच्या टेबलावर ठरतं. म्हणून हे पत्र कुपात न देता तुम्हाला लिहितो आहे.

आता धनेशाचं सांगतो, कारण त्याच्यावरून बाकीच्यांचं कळेल.

आमच्याकडे दिसतो तो बहुतेक राखी धनेश. त्याची चोच मोठी आहे, पण त्या चोचीनं त्याला झाड पोखरता येत नाही. तयार ढोली मिळाली तर संसार, नाहीतर त्या वर्षी संसारच नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत असताना ती पंखांची मोठी पिसं टाकून देते. आठवड्यामागून आठवडे तिचं आणि पिलांचं पोट एकट्या नरावर. तो उंबर, वड, पिंपळाची फळं आणून त्या फटीतून भरवतो. चांगली ढोली मिळाली की जोडपं वर्षानुवर्षं तिथंच परत येतं. म्हणून हिवाळ्यात झाड तोडताना घरट्यात कुणी दिसलं नाही याचा अर्थ ते घर मोकळं होतं असा होत नाही. शेताच्या झोपडीत पावसाळ्यात कुणी नसतं, म्हणून कुणी ती मोडत नाही.

आणि ढोली काही एका वर्षात पडत नाही. आधी फांदी मोडते किंवा वणव्यात बुंधा भाजतो. त्या जखमेतून बुरशी शिरते, मग वाळवी, मग मुंगळे. सुतारपक्षी भोक पाडतो, पुढं ते कुजत कुजत मोठं होतं. झाड मात्र जिवंत असतं, कारण त्याचं पाणी बाहेरच्या नव्या लाकडातून चढतं, आतलं जुनं लाकूड गेलं तरी पाला हिरवा राहतो. सुतारानं सोडलेल्या लहान भोकात पोपट, मैना, पिंगळा येतात. मोठ्या ढोलीत धनेश, घुबड, उडणारी खार. काही ढोल्यांत मधमाश्या. धनेश बसेल एवढी ढोली व्हायला झाड आधी तेवढं जाड व्हावं लागतं, आणि ज्या वयात ते तेवढं जाड होतं त्याच वयात ते तोडीच्या घेरात येतं. एकदा तोडलं की तुम्ही त्या जागी रोप लावाल, चांगलं वाढवाल, पण तशी ढोली माझ्या नातवालाही दिसणार नाही.

पोकळ झाड गेलं तर काय जातं, हे विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, मेळघाटात, नीट पाहायला मिळतं. तिथं रानपिंगळा आहे. साध्या पिंगळ्याएवढाच, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, आणि दिवसाढवळ्या शिकार करणारा. 1873 साली त्याची शास्त्रीय नोंद झाली, पहिला पक्षी मिळाला होता तो आमच्या पूर्वेला, आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात. 1884 नंतर तो कुणाच्या हाती लागला नाही. 113 वर्षं लोकांनी तो संपला असं धरलं. 1997 च्या नोव्हेंबरात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्यात दिसला, आणि त्यानंतर मेळघाटातही सापडला. आज मेळघाट हे त्याचं जगातलं एक मोठं ठिकाण आहे. तो साग आणि इतर मिसळ झाडांच्या कोरड्या जंगलात राहतो, आणि घर करतो झाडाच्या ढोलीत. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. पण त्याचं घर ज्या झाडात आहे ते झाड यादीत सदोष म्हणून येऊ शकतं. पक्ष्याला हात लावला तर तुरुंग, आणि त्याचं घर पाडलं तर ती सुधारणा, हे एकाच खात्याच्या दोन कागदांत लिहिलेलं आहे. हे दोन कागद एकमेकांशी बोलले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

जगात हे आधी कुणाच्या बाबतीत झालंय का, म्हणून मी वाचत गेलो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात लेडबीटरचा पॉसम नावाचा प्राणी आहे. खारीएवढा, रात्री फिरणारा, पिलू पोटाच्या पिशवीत वाढवणारा. तोही संपला असं मानलं होतं आणि 1961 साली पुन्हा सापडला. आपला शेकरू जसा राज्यप्राणी, तसा तो 1971 पासून त्या राज्याचा मानाचा प्राणी आहे. तो राहतो निलगिरीच्या कुळातल्या प्रचंड उंच, म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत, आणि तिथं अशी ढोली तयार व्हायला 120 वर्षांहून जास्त लागतात. तिथंही तोड चालूच होती. 2009 च्या वणव्यांत उरलेल्यातला मोठा भाग जळाला. मग 2014 मध्ये, जिथं हा प्राणी आढळेल त्या जागेभोवती 200 मीटरपर्यंत तोड बंद असा नियम आला. तरी भांडणं, कोर्टकचेऱ्या थांबल्या नाहीत. शेवटी 1 जानेवारी 2024 पासून त्या राज्यानं सरकारी नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोडच बंद केली. लाकडावर पोट असलेल्या तिथल्या माणसांचं काय झालं असेल, याचा विचार माझ्यासारख्या कूप मजुराच्या मुलाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. सुरुवातीलाच ढोलीची झाडं सोडली असती, तर कदाचित गोष्ट एवढी ताणली गेली नसती. आपल्याकडे ती वेळ अजून आलेली नाही. आपण लवकर आहोत, म्हणून लहानशा बदलावर भागेल.

आमच्याकडे जुनं जंगल राखलेलं नाही असंही नाही. भामरागडच्या रस्त्यावर आलापल्लीचं वनवैभव आहे. 1953 पासून तिथं कुऱ्हाड चाललेली नाही, आणि 2014 साली ते महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालं. मी शाळेतल्या पोरांना दरवर्षी तिथं नेतो. आत शिरलं की पोरं आपोआप हळू बोलायला लागतात, कुणी सांगावं लागत नाही. ज्यांनी 1953 मध्ये ते राखायचं ठरवलं ते तुमच्याच खात्यातले लोक होते, आणि त्यांचे आमच्यावर उपकार आहेत. पण ते जंगल आहे 6 हेक्टर. म्हणजे पंधरा एकर. आमच्या गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची जमीन त्याहून जास्त आहे. पंधरा एकरांत धनेशाच्या किती जोड्या मावणार? त्यांच्या पोरांनी मोठं होऊन कुठं जायचं? वनवैभवातून उडालेल्या पाखराला पुढच्या कक्षात, म्हणजे खात्यानं नंबर दिलेल्या जंगलाच्या पुढच्या तुकड्यात, उतरायला एक तरी म्हातारं झाड हवं, त्याच्या पुढच्यात आणखी एक. मी पोकळ झाडांसाठी एवढा आग्रह धरतो तो यासाठीच.

शेकरूची अडचण थोडी वेगळी. तो ढोलीवर तेवढा अवलंबून नाही, उंच झाडांच्या शेंड्यात काटक्या-पानांचे गोळे बांधून राहतो. पण तो जमिनीवर सहसा उतरत नाही. त्याचा रस्ता म्हणजे एका झाडाच्या फांदीतून दुसऱ्याच्या फांदीत. जंगल कितीही मोठं असलं तरी शेंडे एकमेकांना लागत नसतील तर त्याच्या दृष्टीनं मध्ये नदी आडवी आली. विरळणी करताना झाडांमधलं अंतर मोजलं जातं, शेंड्यांमधलं नाही. म्हणून ढोलीचं किंवा शेकरूच्या गोळ्याचं झाड सोडाल तेव्हा ते एकटं, माळावरच्या खांबासारखं सोडू नका. त्याच्या शेंड्याला शेंडा लागणारी भोवतालची चार झाडंही सोडा. आणि त्या झाडाला जाणारी एखादी उंच झाडांची ओळ, नाल्याच्या काठानं म्हणा, तुटू देऊ नका.

गिधाडांचंही ओझरतं सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात जी थोडी उरली आहेत ती उंच, जुन्या झाडांवर घरटी करतात. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे दुखणं कमी करायचं औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांना मारत होतं. त्यावर 2006 साली बंदी आली तेव्हा त्यांचं विष कमी करायला सुरुवात झाली. बसायला झाड असेल तर त्या बंदीचा उपयोग.

झाडांच्या जातींबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. दुर्मीळ म्हटलं की पक्षी-प्राणीच डोळ्यांपुढे येतात. पण आमच्या डोळ्यांदेखत काही झाडंच दुर्मीळ होत चालली. बीजा, म्हणजे बिबळा. त्याची साल छेडली की रक्तासारखा लाल डिंक येतो. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री ठेवलेलं पाणी साखरेच्या आजारावर पितात, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचाच डोळा. शिसम. भेरा. लहानपणी आजीबरोबर जंगलात जायचो तेव्हा बीजाचं झाड शोधावं लागत नसे. आता आमच्या गावात जी पोरं पंधरा-सोळा वर्षांची आहेत त्यांना मोठा बीजा दाखवायला मला अर्धा दिवस चालवावं लागतं. शिसम आणि भेरा जगाच्या लाल यादीत धोक्यातल्या जाती म्हणून नोंदवलेले आहेत. या जातींची जी मोठी, बी धरणारी झाडं उरली आहेत, ती कितीही सरळ आणि कितीही मोलाची असली तरी सोडली पाहिजेत. इथं नुकसान आहे, मी नाकारत नाही. पोकळ झाड सोडण्यात तुमचं काही जात नाही, शिसम सोडण्यात जातं. तरीही म्हणतो, सोडा. मिसळ जंगल साफ करून तिथं सागाच्या रांगा उभ्या केल्या, तर पन्नास वर्षांनी सागाचं लाकूड भरपूर असेल, पण बीजा कुठून आणणार?

मोह आणि चार (चारोळीचं झाड) तोडायचे नाहीत, हा आपल्याकडचा जुना रिवाज. माणसाचं पोट त्यावर आहे म्हणून निस्ताराच्या (गावाच्या घरगुती गरजांसाठी जंगलातून वस्तू घ्यायच्या हक्काच्या) काळापासून ती झाडं वेगळी काढली जातात, आणि कूप आखणाऱ्या कुणालाही त्याची अडचण वाटत नाही. माझी मागणी याच रिवाजाची पुढची पायरी आहे. मोहाला जसं न सांगता वगळतात, तसं ढोलीच्या झाडाला वगळा.

तुम्ही काय म्हणाल ते मला साधारण माहीत आहे, कारण गेल्या काही वर्षांत जिथं जिथं हा विषय काढला तिथं तेच ऐकलं.

पहिलं म्हणजे पोकळ झाड मजुरांच्या अंगावर पडतं. हे खरं आहे. बाबांच्या जोडीदाराचा पाय अशाच एका मोडलेल्या फांदीखाली गेला होता. पण धोका असतो तो तोडताना आणि झाडाच्या खाली काम करताना. झाड सोडायचं असेल तर त्याला पांढरा पट्टा मारा, त्याच्या उंचीएवढ्या घेरात काम ठेवू नका आणि रस्त्याच्या, पायवाटेच्या, वस्तीच्या कडेचं धोक्याचं झाड असेल तर ते खुशाल काढा. त्यावर आमचं काही म्हणणं नाही.

दुसरं, कीड. वाळलेलं झाड किडीचं घर, असं सांगतात. पण कीड खाणारे सुतारपक्षी, घुबडं, वटवाघळंही त्याच झाडांत राहतात. घर पाडून राखणदार हाकलायचा आणि मग शेतावर किडीसाठी औषध मारायचं, हे शेतकऱ्यानं करून पाहिलेलं आहे, आणि त्याचा हिशेब आपण सगळ्यांनी विदर्भात पाहिला आहे.

तिसरं, वणवा. हा आक्षेप सगळ्यात खरा, आणि इथं माझ्या गावालाही मान खाली घालावी लागते. पोकळ झाडाच्या बुंध्याला आग लागली की ते चुलाण्यासारखं आतून पेटतं, दोन दोन दिवस धुमसतं. आणि आग लावतं कोण? मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवणारे आम्हीच. तेंदूला नवी पालवी यावी म्हणून जंगल पेटवणारेही आम्हीच. धनेशाच्या चरबीचं तेल सांधेदुखीला लावायला म्हणून त्याला मारणारेही आमच्यातलेच होते. हे सांगायला लाज वाटते, पण सांगितलं नाही तर पुढचं बोलायचा मला हक्क राहत नाही.

म्हणून हे आमच्या बाजूनं. आमच्या ग्रामसभेत ठराव झाला आहे की मोहाखालचा पाला पेटवायचा नाही, झाडून बाजूला करायचा. गेली काही वर्षं बहुतेक घरं ते पाळतात, सगळी पाळत नाहीत. त्याच ठरावात पुढं लिहिलं आहे की ज्या ज्या झाडाला खात्याकडून पांढरा पट्टा लागेल, त्याच्या बुंध्याभोवतीचा पाला आम्ही दरवर्षी होळीच्या आधी हटवू, जाळरेषेसारखं गोल मोकळं करू. मजुरी मागणार नाही. तुम्ही झाड सोडा, राखण आमची.

आणि आम्ही हे म्हणतो ते हक्कानं म्हणतो. 2006 च्या वनहक्क कायद्यानं जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवून, गाव जंगल कसं सांभाळतं हे सगळ्या देशाला दाखवलं. आमचं गाव त्यांच्यापेक्षा फार लहान, कामही लहान. पण 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे आमच्याकडे जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि तिची नोंदवही आहे. अनेक गावांत ती वही एकदा भरून कपाटात गेली. आमच्याकडे ती दर उन्हाळ्यात उघडतो. उंबराचं कुठलं झाड कधी पिकतं, धनेशाचा नर फळं घेऊन कुठल्या दिशेला उडतो, त्याच्या मागं जायचं, झाड सापडलं की लांबून पाहून यायचं. पोरं हे काम आवडीनं करतात. अशी सापडलेली ढोलीची झाडं आम्ही कक्ष क्रमांक टाकून वहीत लिहून ठेवली आहेत. काही आमच्या सामूहिक वनहक्काच्या हद्दीत आहेत, ती आम्ही राखू. बाकीची तुमच्या कक्षांत आहेत.

त्यामुळे आता जी कार्य आयोजना लिहिली जाते आहे तिच्यात मला हवं आहे ते थोडक्यात असं. झाडांची यादी करण्याच्या नमुन्यात ढोलीच्या झाडांसाठी वेगळा रकाना असावा आणि त्या रकान्यातल्या झाडाला हातोडा लागू नये, मग ते वाळलेलं असो की हिरवं. वाळलेली उभी झाडं सगळीच्या सगळी साफ करायची पद्धत थांबावी, दर कुपात काही उभी राहू द्यावीत. कूप आखण्याआधी त्या गावाच्या समितीला कळवावं आणि तिची वही पाहावी. आणि कुपात काम करणाऱ्या माणसाला, मुकादमाला, वनरक्षकाला लेखी मुभा द्यावी की नंबर पडलेल्या झाडात घर दिसलं तर ते झाड तिथंच थांबवता येईल, त्याची मजुरी बुडणार नाही आणि त्याला कुणी जाब विचारणार नाही. मला यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ही मुभा त्या दिवशी बाबांच्या हातात असती, तर त्यांनी आरा खाली ठेवला असता.

याला पैसे लागत नाहीत. आगारात पोकळ लाकडाला काय भाव येतो हे तुमच्या लिलावाच्या नोंदीत आहे, तो आकडा काढून पाहा आणि मग ठरवा.

बाबा आता थकले आहेत. डोळ्यांनी कमी दिसतं, पण सकाळी अंगणात बसले की कुठल्या पाखराचा आवाज आहे ते सांगतात. हे पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "साहेब लोकाईले झाड दाखव. कागदावर त्याईले काय दिसते?"

म्हणून शेवटी हे बोलावणं. तुमच्या सोयीनं या, पण शक्यतो एप्रिलमध्ये या, उंबर पिकलेले असतात. पहाटे पाचला गावातून निघावं लागेल, कारण ऊन चढल्यावर नर कमी फिरतो. दीड तासाची चाल आहे, मध्ये एक नाला लागतो, एप्रिलमध्ये पाणी घोट्याएवढंच असतं. नाल्यापलीकडे एका बेहड्यात मादी लिंपून बसलेली असते. तिथं झाडापासून लांब, एका खडकाआड बसायची जागा आम्ही पाहून ठेवली आहे. तो बेहडा तुमच्या कक्षात आहे. त्याच्या बुंध्यावर अजून नंबर नाही.

आपला,
कूप मजुराचा मुलगा
सदस्य, गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती
तालुका अहेरी, जिल्हा गडचिरोली